गुलाबसिंग कंपाउंडरचं सतरा नंबरचं मिक्श्चर

ढाणकीच्या बाजारात डॉ. सदाशिवरावांचा दवाखाना होता, आणि त्या दवाखान्यातल्या एका लाकडी खिडकीमागे गुलाबसिंग राठोड छत्तीस वर्षं उभे होते. उभे म्हणजे खरोखरच उभे. आत खुर्ची ठेवली तर बाटल्यांच्या मांडणीपर्यंत हात पोचत नसे, म्हणून खुर्ची ठेवलीच नव्हती. माझ्या वयाच्या ढाणकीकरांना डॉक्टरांचा चेहरा नीट आठवत नाही, पण खिडकीतून बाहेर येणारा गुलाबसिंगांचा हात सगळ्यांना आठवतो. त्या हातात बाटली असायची. तिला खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली, एका खाचेला एक डोस. आत लाल मिक्श्चर असलं की खोकला, पिवळं असलं की जुलाब, आणि तपकिरी असलं की भूक लागत नाही. "प्याच्या आंधी हालवायची," ते सांगायचे. "हिसका नाई द्याचा. झोल द्याचा."

गुलाबसिंग दहावी पास होऊन अठराव्या वर्षी तिथे लागले. वेलदोड्याचं टिंक्चर, संत्र्याच्या सालीचा पाक, ओव्याचा अर्क, जेन्शियन नावाच्या कडू मुळीचं पाणी, हे सगळं त्यांना डोळे मिटून वासावरून ओळखता यायचं. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असे. छत्तीस वर्षं दारूची किल्ली कमरेला असून त्यांनी थेंब चाखला नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "ते दवाखान्याचं होतं."

पुढे औषधं पाकिटातूनच यायला लागली. मिसळायला काही उरलं नाही. २०१५ साली डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि गुलाबसिंग तीन किलोमीटरवरच्या आपल्या बंजारा तांड्यात, धावजीनगरात, घरी बसले. तीन एकर तूर-सोयाबीन होतं. ते करत राहिले. पण तुरीला काही मोजून द्यावं लागत नाही, असं ते एकदा मला म्हणाले होते.

त्यांची बायको बिजलीबाई तांड्याच्या महिला दारूबंदी समितीची अध्यक्ष. नऊ वर्षांपूर्वी तांड्यात तीन ठिकाणी दारू गाळायचे आणि चौथ्या ठिकाणी विकायचे. बिजलीबाईंनी बाया गोळा केल्या, हंडे फोडले, ठाण्यात जाऊन बसल्या, ग्रामसभेत ठराव घेतला. तेव्हापासून तांड्यात दारू नाही. समितीची नियमावली चार पानांची आहे आणि ती बिजलीबाईंना पाठ आहे.

मुलगी एकच, रंजिता. तिने हॉटेलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात एका मोठ्या हॉटेलात लागली. कुठल्या खात्यात, असं विचारलं की ती "बेव्हरेज" म्हणायची. गुलाबसिंगांनी तांड्यात त्याचा अर्थ चहा-कॉफी असा सांगितला होता. पाच वर्षं तो अर्थ चालला.

२०२३ च्या डिसेंबरात रंजिता सकाळच्या ट्रॅव्हल्सने उमरखेडला उतरली. उजव्या मनगटाला प्लास्टर, आणि सोबत दोन खोकी. "कामावर घसरली," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. खोकी रिक्षातून उतरवताना आतून काचेचा आवाज आला. बिजलीबाईंनी तो ऐकला. त्या आवाजाबाबत त्यांच्याइतका अनुभव तालुक्यात कुणाला नसेल.

"काय हाये त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"चहा तं पिऊ दे, याडी," रंजिता म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"पी. मी खोलतो तवरीक," गुलाबसिंग म्हणाले आणि त्यांनी पहिलं खोकं उघडलं. गोधडीत गुंडाळलेल्या अकरा बाटल्या निघाल्या. एक लाल, एक हिरवी, एक मधासारखी, दोन पाण्यासारख्या. दुसऱ्या खोक्यात झाकणाचं स्टीलचं भांडं, लांब दांड्याचा चमचा आणि गाळणी.

चहा झाला. मग रंजिताने सांगून टाकलं. ती हॉटेलच्या बारमध्ये काम करते. दारू ओतत नाही, कॉकटेल बनवते. दोन-तीन दारू, रस, पाक, कडू अर्क मापाने एकत्र करून गिऱ्हाइकाला देते. फेब्रुवारीत पुण्यात स्पर्धा आहे. आपल्या गावाची चव असलेलं नवं कॉकटेल करून दाखवायचं. प्लास्टर जानेवारीअखेर निघेल. तोवर एका हाताने काही करता येत नाही, आणि केलं नाही तर स्पर्धा जाईल.

बिजलीबाई म्हणाल्या, "पाच वर्षं झाली."

"होय."

"अन मी पाच वर्षं बायायले सांगून राह्यली, माही पोरगी चहा बनवते."

"ते बानं सांगतलं," रंजिता म्हणाली.

गुलाबसिंगांनी मान्य केलं. "मले वाटलं, असंन."

बिजलीबाईंनी बाटल्या रांगेत मांडल्या, बिलं मागितली, रंजिताचं परमिट मागितलं, चष्मा लावून दोन्ही वाचलं. कागदात चूक सापडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अटी सांगितल्या. बाटल्या कपाटात, किल्ली आपल्याकडे. तांड्यातल्या कोणाला एक थेंब मिळणार नाही. आणि या घरात कोणी गिळणार नाही. चव पाहायची तर तोंडात घ्यायची, तस्तात थुंकायची, चूळ भरायची.

"पुन्यात बी असंच करतात चव पाहाच्या वक्ती," रंजिता म्हणाली.

"मंग पुन्यात कोनीतरी शहानं हाये," बिजलीबाई म्हणाल्या.

चवीपुरतं का होईना, आपल्यालाही परमिट लागेल, असं गुलाबसिंगांनी ठरवलं. ते बासष्ट वर्षांचे होते. नातेवाइकाच्या मुलाकडून अर्ज भरून घेता आला असता, पण ते स्वतः धुतलेला सदरा घालून उत्पादन शुल्काच्या कचेरीत गेले. अर्जाचा मजकूर असा होता की अर्जदाराला मद्य प्रकृतीच्या जतनासाठी हवं आहे. गुलाबसिंगांना तो मजकूर बरोबर वाटला. छत्तीस वर्षं त्यांनी स्पिरिट त्याच कामाला वापरलं होतं.

"काका, आता सुरू करून राह्यले काय?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"प्याचं नाई. तोंडात घ्याचं अन थुकाचं."

कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

काम सुरू झालं ते मागच्या पडवीत, दुपारी जेवणं झाल्यावर. रंजिता खाटेवर बसून सांगायची, गुलाबसिंग करायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "जिन दीड औंस घ्या बा."

गुलाबसिंग थांबले. "औंस?"

"दारू औंसातच मोजतात अजून. तुमाले एमएलमधी सांगू काय?"

"कायले?" असं म्हणून ते आत गेले आणि ट्रंकेतून जुना औंसाचा ग्लास घेऊन आले. जाड काचेचा, रेषा कोरलेला. तो त्यांनी उकळत्या पाण्याने धुतला, डोळ्यासमोर धरला आणि दीड औंस जिन रेषेला टेकेल अशी ओतली. एक थेंब वर नाही, एक खाली नाही. रंजिता मला म्हणाली की पाच वर्षांत इतकं नेमकं माप तिने बारमध्ये कुणाचं पाहिलं नव्हतं. तिने तसं वडिलांना सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती त्यांचं माप तपासेनाशी झाली.

कधी हलवायचं आणि कधी नुसतं ढवळायचं, हे ती समजावून सांगू लागली. ज्यात लिंबाचा रस आहे ते हलवायचं, ज्यात नुसती दारू आहे ते ढवळायचं. गुलाबसिंग म्हणाले, "गढूळ ते हालवा, साफ ते ढवळा. हे मले ठाव हाये. पुढचं सांग." स्टीलच्या भांड्यात बर्फ घालून ते दोन्ही हातांनी झोल देऊ लागले तेव्हा बिजलीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन पाहत होत्या. त्या लगेच आत गेल्या नाहीत.

मग रंजिताने एकेक बाटली त्यांच्यापुढे धरली. लिकर म्हणजे गोड, पाक घातलेली दारू: कुठली संत्र्याची, कुठली जडीबुटीची. गुलाबसिंगांनी संत्र्याची हुंगली आणि म्हणाले, "साल चांगली हाये, पन आपल्या संत्र्याची नाई. हे कडू संत्रं हाये." बरोबर होतं. मग तिने वर्मूथ काढली. ही द्राक्षाची वाइन, पण तिच्यात मुळ्या, साली आणि मसाले मुरवलेले असतात. गुलाबसिंगांनी घोट तोंडात घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ थुंकलेच नाहीत.

"थुका!" बिजलीबाई दारातून म्हणाल्या.

ते थुंकले. चूळ भरली. "रंजिता, हे तं आपलं भुकेचं मिक्श्चर व."

"कोनतं?"

"तपकिरी. जेन्शियन, संत्र्याची साल, वेलदोडा. वाइन तेवढी जास्त हाये. डॉक्टरसाहेब जेवनाच्या आंधी दोन चमचे द्याचे." ते बाटलीकडे पाहत राहिले. "हे लोकं हौसेनं पेतात?"

"पैसे देऊन, बा."

"आपल्याकडे पोरायचं नाक दाबून पाजा लागे."

वर्मूथ उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर महिन्याभरात उतरते. यावर घरात अर्धा दिवस चर्चा झाली. फ्रीजमध्ये दही असतं, नैवेद्याचं तूप असतं. शेवटी सर्वांत खालच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या मागे, तिला जागा मिळाली.

गावाची चव म्हणजे काय, हा खरा प्रश्न होता. पहिल्या नंबरच्या कॉकटेलमध्ये ताजी हळद किसून घातली. तिघांचे दात पिवळे झाले. बिजलीबाईंचेही, कारण त्यांनी फक्त हळदीचा पाक चाखला होता. चौथ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा वाटून घातल्या. ते वरणासारखं लागलं. सहावं तिखट झालं. सातवं बरं होतं, पण त्याला पुणेरी चव होती असं गुलाबसिंग म्हणाले आणि बाजूला ठेवलं. प्रत्येकाला ते छोटी बाटली, चिठ्ठी आणि नंबर लावत. सवयीने चिठ्ठीवर "जेवणापूर्वी" असंही लिहीत.

कुंपणाला लाल अंबाडी होती. तिची बोंडं वाळत घालताना बिजलीबाईंनीच विचारलं, "आंबटासाठी निंबूच कायले पाह्यजे?" त्यांनी बोंडं उकळून, गूळ घालून लालभडक पाक करून दिला. "यात दारू नाई," त्यांनी बजावलं. "मी शरबत केलं. पुढं तुमचं तुमी पाहा." बाराव्या नंबरापासून अंबाडी आली ती गेली नाही.

या सगळ्या बाटल्या दुपारच्या उन्हात पडवीत चमकत. पलीकडच्या वाटेने जाणाऱ्यांना त्या दिसल्या. कंपाउंडरच्या घरी रंगीत दारू निघते, असं तांड्यात पसरायला आठवडा लागला. एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास समितीची सचिव पुष्पा जाधव वही घेऊन आली. अंगणवाडीत मदतनीस होती, अक्षर चांगलं. फाटकाबाहेर सात बाया उभ्या होत्या.

"अध्यक्षबाई, तक्रार आली हाये."

"कोनाची?"

पुष्पाने वहीत पाहिलं, जणू तिथे दुसरं नाव सापडेल. "तुमच्याच घरची."

"मंग लिहिली काय?"

"नाई अजून."

"लिही. तारीख टाक." बिजलीबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या, स्वतःच्या घरातून बाहेर पडून फाटकापाशी बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मग सगळ्यांच्या पुढे होऊन त्यांनी आपल्याच घराची कडी वाजवली.

गुलाबसिंगांनी दार उघडलं. "कोन पाह्यजे?" त्यांनी बायकोलाच विचारलं.

"समिती. झडती घ्याची हाये. बाजूले व्हा."

झडती व्यवस्थित झाली. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडेच असल्याने वेळ वाचला. मेथीमागची वर्मूथ पुष्पाला दिसली नव्हती; ती बिजलीबाईंनी स्वतः काढून दिली. अकरा मोठ्या बाटल्या, चौदा लहान. परमिट दोन, बिलं सगळी. पुष्पाने लिहून घेतलं आणि विचारलं, "कागदं तं बरोबर हायेत. मंग गुन्हा कोनता?"

"कलम चार," बिजलीबाई म्हणाल्या. "तांड्याच्या हद्दीत दारू बनवनं."

"मी बनवली नाई," गुलाबसिंग म्हणाले. "मिसळली."

"दवाखान्यात तुमी औषध बनवत होते का नाई?"

"बनवत होतो."

"कसं?"

गुलाबसिंगांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मिसळून."

"लिही, पुष्पा."

कलम चारची शिक्षा अशी, की सेवालाल महाराजांच्या मंदिराचं अंगण अकरा दिवस झाडायचं. बाप म्हातारा आहे, त्याच्याऐवजी मी झाडते, असं रंजिता म्हणाली. "तुहे अकरा येगळे," आईने सांगितलं. "हात बरा झाला का सुरू कर." मग बिजलीबाईंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुष्पाने तोही वहीत लिहिला. बायांनी तिथेच उभ्याउभ्या तो नामंजूर केला, कारण ठाण्यातल्या साहेबांशी कोण बोलणार, हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवसापासून गुलाबसिंग पहाटे मंदिराचं अंगण झाडू लागले. मन लावून झाडायचे. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्याने विचारलं, "कंपाउंडर, पोरगी खरंच दारूचं काम करते?"

गुलाबसिंग खराट्यावर हात ठेवून उभे राहिले. ते मला म्हणाले, त्या वेळी लाज वाटायला हवी होती आणि ते वाट पाहत होते, पण ती आली नाही. त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं, "माहंच काम करते. मी बंद केलं, तिनं चालू ठेवलं." पाच वर्षांत पोरीला आपण एकदाही नीट विचारलं नाही की तू दिवसभर नेमकं काय करतेस, हेही त्यांनी मला सांगितलं. चहा-कॉफी म्हणून मोकळे झालो, म्हणाले.

तांड्यात पुन्हा मिसळता येणार नव्हतं. तेव्हा ते ढाणकीला डॉ. सदाशिवरावांकडे गेले. डॉक्टर चौऱ्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, पण डोकं साबूत. दवाखान्याची खोली तशीच बंद होती. गुलाबसिंगांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "खिडकीच्या काचा पुसून घे. आणि मला न विचारता काही देऊ नकोस."

म्हणून जानेवारीत बापलेक रोज ढाणकीला जात. रंजिता रोग्यांच्या बाकावर बसायची, गुलाबसिंग खिडकीमागे उभे. डॉक्टर आरामखुर्चीतून प्रत्येक नंबर चमचाभर चाखत. त्यांना थुंकायची अट नव्हती. पंधरावा त्यांना गोड वाटला. सोळाव्याला ते म्हणाले, "कडू कमी आहे. गोड लागलं की माणूस लवकर संपवतो. कडू असलं की हळू पितो." गुलाबसिंगांनी चिरायता, म्हणजे कडू काडेचिराईत, संत्र्याच्या सालीबरोबर स्पिरिटमध्ये आठ दिवस मुरवला आणि त्याचे सहा थेंब घातले. जिन दीड औंस, कोरडी, म्हणजे कमी गोड, वर्मूथ एक औंस, अंबाडीचा पाक अर्धा औंस, चिरायत्याचे सहा थेंब. डॉक्टरांनी चमचा चाटला आणि झोपायला गेले. तो सतरावा नंबर.

प्लास्टर निघालं. रंजिताने अकरा दिवस अंगण झाडलं. हाताला व्यायाम सांगितलेलाच होता. फेब्रुवारीत ती पुण्याला गेली आणि गुलाबसिंग सोबत गेले. बिजलीबाई आल्या नाहीत, ग्रामसभा होती. स्पर्धेत वडिलांना मदत करायची परवानगी नव्हती. ते पाहुण्यांमध्ये पांढऱ्या सदऱ्यात बसले. परीक्षकांनी विचारलं, हा कडूपणा कुठला? रंजिता माइकवर म्हणाली, "माझे वडील कंपाउंडर आहेत. त्यांचा आहे." लोकांनी वळून पाहिलं. गुलाबसिंग उठून उभे राहिले, कारण नाव निघालं की उभं राहायची सवय होती, आणि मग केव्हा बसायचं हे त्यांना कळेना. पुढच्या स्पर्धकाचं निम्मं होईपर्यंत ते उभेच होते.

तिसरा नंबर आला. रंजिताला पहिला हवा होता. परत हॉटेलकडे जाताना ती रिक्षात रडली. गुलाबसिंगांनी तिला विचारलं, पहिला आलेल्याचं माप कसं होतं? डोळ्यांनीच ओतलं त्यानं, ती म्हणाली. "मंग त्याचं दुसऱ्यांदा तसंच होनार नाई," ते म्हणाले. याने तिचं समाधान झालं नाही, पण रडू थांबलं. पुढे हॉटेलने ते कॉकटेल आपल्या यादीत घेतलं. आता पुण्यातले तिचे सोबती महिन्यातून एक-दोनदा गुलाबसिंगांना फोन करतात. कुठली साल किती दिवस मुरवायची, ते विचारतात. ते अंगणात उभं राहून मोठ्या आवाजात सांगतात.

गेल्या वर्षी रंजितासाठी दारव्ह्याकडचं स्थळ आलं. मुलगा, त्याचे वडील देवीलाल आणि दोन मामा. पोहे झाले. देवीलाल म्हणाले, "पोरगी हॉटेलात हाये म्हन्तात. काय काम करते?"

गुलाबसिंगांनी तोंड उघडलं होतं, पण बिजलीबाई आधी बोलल्या. "दारू मिसळते. मोठ्या हॉटेलात. तिसरा नंबर आला तिचा."

मामांनी एकमेकांकडे पाहिलं. देवीलाल म्हणाले, "आमाले चालंन. आजकाल काय."

"तुमाले चालंन, ते समजलं," बिजलीबाई मुलाकडे वळल्या. "तू पेतं काय, बाबू?"

मुलगा खरं बोलला. "कधी कधी. दोस्तायसंगं."

"नाई जमनार," बिजलीबाई म्हणाल्या आणि पोह्यांच्या बशा गोळा करायला लागल्या. संध्याकाळी त्यांनी फोन करून रंजिताला कळवलं. रंजितालाही ते पटलं. दिवसभर पिणाऱ्यांना पाहते, म्हणाली, घरी तरी नको.